सायकलवर दिलेले चार स्टार

मागच्या महिन्यात मी माझी सिनेमांची यादी चाळत होते. बघितलेल्या प्रत्येक सिनेमाची मी नोंद ठेवते, तारीख आणि पाचपैकी किती स्टार, बास. त्यात एक सिनेमा दिसला, दीड वर्षापूर्वीचा, चार स्टार दिलेले. आणि मला तो आठवेचना. म्हणजे थोडा आठवतोय, नीट आठवत नाही असं नाही, काहीच नाही. पोस्टर बघितलं, कलाकार कोण ते बघितलं, दोन ओळींची गोष्ट वाचली, तरी पाटी कोरी. मग सहज त्या तारखेची फोनमधली व्यायामाची नोंद उघडली तर तिथे लिहिलेलं, सायकल, ५२ मिनिटं, सरासरी ठोके १३८. आणि ती ५२ मिनिटं मात्र लख्ख आठवली! त्या दिवशी पहिल्यांदाच पन्नासच्या वर गेले होते, उतरल्यावर पाय लटपटत होते आणि कुणीतरी आपल्याला मेडल द्यावं असं वाटत होतं. मेडल द्यायला कुणी नव्हतं, मग मीच सिनेमाला चार स्टार देऊन टाकले असणार.

विषय हाच आहे. घरी व्यायाम करता करता सिनेमा बघणं यात आता काही नवल राहिलेलं नाही. ट्रेडमिलसमोर टीव्ही, सायकलच्या हँडलवर टॅब, नाहीतर खाली मॅट टाकून स्ट्रेचिंग चाललंय आणि फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलाय. आणि मग उतरलं की टॉवेलने तोंड पुसत पुसत अंगठ्याने स्टार द्यायचे. मीही हेच करत आलेय आणि बघण्याला माझा काडीचाही विरोध नाही. माझं भांडण त्या शेवटच्या स्टार देण्याशी आहे. तिथे आपण जे मोजतो तो सिनेमा नसतो, पण ते सिनेमाच्या खात्यावर जमा होतं, तिथून सगळ्यांच्या सरासरीत जाऊन बसतं, आणि मग तिसराच कुणीतरी ती सरासरी बघून ठरवतो की आज रात्री काय बघायचं आणि काय नाही.

आधी शुद्धतावाद्यांचं मिटवू, कारण ते लगेच माझ्या बाजूने येऊन उभे राहतील आणि मला ते नकोयत. माझा मावसभाऊ त्यातलाच. त्याच्या मते सिनेमा अंधारात, मोठ्या पडद्यावर, फोन बंद करून आणि शक्यतो श्वास रोखून बघायचा असतो. मला म्हणतो, "ताई, तू सिनेमा बघत नाहीस, तू सिनेमासमोर घाम गाळतेस." ऐकायला छान आहे. पण खरं सांगायचं तर सायकल नसती तर यातले निम्मे सिनेमे मी बघितले नसते, आणि सिनेमे नसते तर सायकलवर कपडे वाळत पडले असते.

कारण एका जागी पाय हलवत राहणं ही मुळातच भयंकर कंटाळवाणी गोष्ट आहे. ट्रेडमिल हे नावच तुरुंगातून आलंय. १८१८ मध्ये विल्यम क्युबिट नावाच्या इंग्लिश इंजिनियरने कैद्यांसाठी पायऱ्यापायऱ्यांचं एक मोठं फिरतं चाक काढलं, कैद्यांनी त्यावर तासन्‌तास चढत राहायचं आणि पोचायचं कुठेच नाही. काही तुरुंगांत त्यावर धान्य दळायचे, पाणी उपसायचे, काही ठिकाणी तेही नाही, नुसतीच हवा दळायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनने ही शिक्षा बंद केली, आणि आपण तीच हौसेने घरात आणून ठेवली. तिच्यासमोर निदान एक पडदा असावा ही मागणी काही फार मोठी नाही.

आणि पडद्याने फरक पडतो हे नुसतं माझं मत नाही. केटी मिल्कमन ह्या अमेरिकन संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१४ साली छापून आलेला एक अभ्यास आहे. त्यात काही लोकांना खिळवून ठेवणाऱ्या कादंबऱ्या ऐकायला दिल्या, पण अट अशी की फक्त जिममध्येच ऐकायच्या, घरी न्यायच्या नाहीत. सुरुवातीला ह्या गटातले लोक इतरांपेक्षा ५१ टक्के जास्त वेळा जिमला गेले. पुढे काय झालं ह्या विचाराने पाय आपोआप तिकडे वळले. (मग मध्ये सुट्ट्या आल्या आणि परिणाम ओसरला, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं, सुट्टी ही सगळ्याच सवयींची वैरीण.) तेव्हा सिनेमा हे आमिष म्हणून उत्तम आहे, कुणी त्याला कलेचा अपमान वगैरे म्हणत असेल तर म्हणू दे.

मग अडचण कुठे आहे? अडचण शरीरात आहे.

व्यायाम किती जोरात चाललाय हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे, बोलून बघायचं. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे मध्यम. दोन-चार शब्दांनंतर श्वासासाठी थांबावं लागतंय, म्हणजे जोरदार. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार व्यायाम सांगते. मध्यमवाल्यांचा हिशोब केला तर आठवड्याला दोन तासांचे सव्वा ते अडीच सिनेमे होतात, झकास. पण जोरदारवाल्यांचं गणित बसत नाही, कारण त्या टप्प्यात लक्ष बाहेर राहतच नाही. व्यायामाच्या मानसशास्त्रात हे चांगलंच माहीत आहे की हलक्या आणि मध्यम जोराला माणूस संगीताकडे, चित्राकडे, विचारांकडे लक्ष नेऊ शकतो, पण जोर एका मर्यादेच्या पुढे गेला की लक्ष खेचून आत घेतलं जातं, छाती, मांड्या, श्वास, अजून किती मिनिटं. माझं स्वतःचं म्हणाल तर १३० ठोक्यांना मला संवाद कळतात, १४५ ला चेहरे कळतात, आणि १५५ च्या पुढे पडद्यावर काहीतरी रंगीत हलतंय एवढंच. आता सांगा, मधली ती आठ मिनिटं जोरात मारली त्या आठ मिनिटांत दिग्दर्शकाने काय केलं ह्याचे मार्क मी कुठून देणार? पण देते ना! कारण डोळे पूर्ण वेळ पडद्यावरच होते, त्यामुळे आपण सगळं बघितलं अशी माझी पक्की खात्री असते. डोळे तिकडे असणं आणि दिसणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे १९९९ च्या त्या प्रसिद्ध गोरिलाच्या प्रयोगात दिसलंच होतं, बॉलचे पास मोजण्यात गुंतलेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांना समोरून छाती बडवत गेलेला गोरिला दिसला नाही. आपण तर पास पण नाही, सेकंद मोजत असतो.

पण लक्ष कमी पडतं हा मुद्दा तसा कुणालाही सुचेल. मला जास्त हादरवलं ते दुसऱ्याच गोष्टीने.

१९७५ साली कँटर, झिलमन आणि ब्रायंट ह्या संशोधकांनी एक प्रयोग केला होता, त्यात गंमत म्हणजे सायकलही आहे आणि सिनेमाही. लोकांना व्यायामाच्या सायकलवर पॅडल मारायला लावलं आणि मग एका कामुक सिनेमाचे तुकडे दाखवले. काहींना उतरल्या उतरल्या दाखवले, जेव्हा धाप लागलेली असते आणि ती सायकलमुळे आहे हे माणसाला कळत असतं. काहींना बऱ्याच वेळाने, सगळं शांत झाल्यावर. आणि काहींना मधल्या वेळेत. हा मधला काळ फार चावट आहे. माणसाला वाटतं आपण आता नॉर्मल झालो, पण शरीर अजून तापलेलंच असतं, ठोके खाली आलेले नसतात. तर ह्या मधल्या गटाला तोच सिनेमा सगळ्यात जास्त उत्तेजक वाटला. पहिल्या गटाला नाही, तिसऱ्यालाही नाही. म्हणजे अंगात उरलेली सायकलची धग त्यांनी सिनेमाच्या नावावर लावली, आणि त्यांना पत्ताही नाही.

आता मला सांगा, आपण स्टार कधी देतो? पॅडल मारता मारता नाही देत. उतरतो, पाणी पितो, टॉवेल घेतो, खुर्चीत टेकतो, हुश्श करतो आणि मग फोन हातात घेतो. म्हणजे बरोब्बर तो मधला काळ! आपण अगदी वेळ साधून चुकीच्या क्षणी मार्क देतो. आणि वर त्यात व्यायाम पुरा केल्याचा आनंद मिसळलेला, आज आळस केला नाही ह्याचा अभिमान मिसळलेला, तो पण सिनेमाच्याच पारड्यात.

कुणी म्हणेल मग हरकत काय आहे, सगळ्यांनाच अर्धा स्टार जास्त मिळाला तर सगळेच सारखे वर जातील. तसंही नाही होत. १९८१ मध्ये असाच एक प्रयोग झाला, त्यात काही पुरुषांना दोन मिनिटं आणि काहींना फक्त पंधरा सेकंद जागच्या जागी पळायला लावलं आणि मग एका बाईचा व्हिडिओ दाखवला. बाई तीच, पण एकदा छान नटलेली आणि एकदा मुद्दाम अनाकर्षक केलेली. जास्त पळालेल्यांना नटलेली आणखी सुंदर वाटली आणि दुसरी आणखीच वाईट. म्हणजे धापेने सगळं वर नेलं नाही, जे चांगलं वाटणार होतं ते आणखी चांगलं आणि जे वाईट वाटणार होतं ते आणखी वाईट केलं. प्रयोगशाळेतले छोटे प्रयोग आहेत हे, दोन तासांच्या सिनेमावर आणि घरच्या सायकलवर ते जसेच्या तसे लागू होतील असा दावा मी करत नाही. पण हे वाचून मी माझी यादी परत बघितली आणि काय दिसलं, सायकलवरचे सिनेमे एकतर साडेचार नाहीतर दीड. खुर्चीत बसून बघितलेले तीन, साडेतीन, अडीच असे माणसांसारखे वागतात.

इथे तो नेहमीचा मुद्दा येतो. रेटिंगमध्ये चुका असणारच, पण हजारो लोकांची सरासरी काढली की चुका एकमेकींना खाऊन टाकतात. बरोबर आहे, पण कुठल्या चुका? इकडून तिकडे कशाही विखुरलेल्या असतील त्या. सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या असतील तर लाखाची सरासरी काढा नाहीतर कोटीची, तराजूच वाकडा असल्यावर पोत्यांची संख्या वाढवून काय होणार.

रेटिंगमध्ये देणाऱ्याचा दिवस शिरतो हे तर आकडेवाल्या लोकांनीच दाखवून दिलंय. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये एक स्पर्धा लावली होती, आमच्या शिफारशींचा अंदाज १० टक्क्यांनी सुधारून दाखवा आणि १० लाख डॉलर घेऊन जा. त्यासाठी १० कोटींहून जास्त रेटिंग लोकांना दिली, सुमारे ४ लाख ८० हजार माणसं आणि १७,७७० सिनेमे. २००९ मध्ये बक्षीस गेलं. जिंकणाऱ्यांच्या हाती लागलेल्या महत्त्वाच्या गोष्टींपैकी एक ही होती की वेळ धरल्याशिवाय अंदाज सुधारत नाही. एकाच माणसाचा हात कालांतराने सैल किंवा घट्ट होतो, आणि एकाच दिवशी दिलेल्या त्याच्या रेटिंगांवर त्या दिवसाची छाप असते. मूड असेल, घरात दुसरंच कुणी रिमोट घेऊन बसलं असेल, काहीही. सिनेमाला दिलेल्या आकड्यात सिनेमा किती आणि मंगळवार किती हे वेगळं काढायला एवढी हुशार माणसं लागली. पण मंगळवार निदान सगळ्या सिनेमांना सारखाच येतो. सायकल तशी येत नाही, आणि माझं सगळं म्हणणं ह्या एका गोष्टीवर उभं आहे.

कारण सायकलवर कोण हरतं ते बघा. सबटायटलवाला सिनेमा हरतो, कारण डोकं वरखाली होतंय, डोळ्यात घाम जातोय आणि दुसरी ओळ वाचेपर्यंत पहिली गेली. हळू बोलणारा हरतो, कारण पंख्याचा आवाज, पट्ट्याचा आवाज, आपल्याच श्वासाचा आवाज. जिथे एखादा चेहरा नुसता खिडकीबाहेर बघत बसतो आणि त्या बघण्यातच सगळं असतं तो तर पहिल्या फेरीतच बाद. आणि जिंकतं कोण? दणदणीत आवाज, पाठलाग, आधीच माहीत असलेली गोष्ट, आणि तोंडाने सगळं सांगून टाकणारी पात्रं. बेल्जियन दिग्दर्शिका शांताल आकरमान यांचा १९७५ चा 'झान दीलमान' २०१ मिनिटांचा आहे, त्यात एक बाई घरकाम करते, भांडी घासते, बटाटे सोलते, आणि कॅमेरा हलत नाही. २०२२ मध्ये 'साइट अँड साउंड' ह्या ब्रिटिश सिनेमा-मासिकाने १,६०० हून जास्त समीक्षकांना आणि अभ्यासकांना विचारून काढलेल्या आजवरच्या सर्वोत्तम सिनेमांच्या यादीत तो पहिला आला. तो तुम्हाला आवडलाच पाहिजे असं माझं अजिबात म्हणणं नाही, खुर्चीत बसूनही अनेकांना तो झेपत नाही आणि झेपला नाही तर बेधडक एक स्टार द्या, तो तुमचा खरा एक स्टार आहे. पण सायकलवर बघून दिलेला एक स्टार हा त्या सिनेमाबद्दल काहीच सांगत नाही. ते म्हणजे उशीवर डोकं आपटून उशी मऊ आहे म्हणून हातोडीला नापास करण्यासारखं झालं. (हे उदाहरण नीट जमलेलं नाही, पण सायकलवर सुचलंय, राहू दे.)

आणि हे नुसतं एकदोन सिनेमांवरच्या अन्यायाचं नाही. बनवणारे लोक बघतात ना की काय चालतंय. २०२४ च्या अखेरीस एका अमेरिकन मासिकात छापून आलं होतं, स्ट्रीमिंगसाठी लिहिणाऱ्या काही पटकथालेखकांनी सांगितलं की त्यांना वरून सूचना येते, पात्र काय करतंय ते त्याच्याच तोंडून वदवून घ्या, म्हणजे ज्यांनी मागे नुसतं लावून ठेवलंय त्यांनाही कळेल. वाचलं आणि मला जरा अपराध्यासारखंच वाटलं. मागे लावून ठेवणारे म्हणजे कोण, मीच की!

त्यात बघितलं म्हणजे काय ह्याची व्याख्या आधीच पातळ झालेली. नेटफ्लिक्स पूर्वी ७० टक्के बघितलं तर ते बघितलं धरायचं, २०२० च्या सुरुवातीला कमीत कमी दोन मिनिटं चालू ठेवलं की झालं असं केलं, मग एकूण तास मोजायला लागले, आणि २०२३ पासून एकूण तासांना सिनेमाच्या लांबीने भागतात. ह्यातल्या कुठल्याच मोजमापाला तुम्ही बसला होता, पळत होता की झोपला होता ह्याच्याशी देणंघेणं नाही, आणि असणारही नाही, त्यांच्या धंद्याला त्याची गरज नाही. बघणाऱ्याने स्वतः होऊन काही सांगायची जागा एकच उरते, रेटिंग. बाकी सगळे आकडे आपल्याबद्दल गोळा केले जातात, हा एक आपण देतो. तोही आपण टॉवेल खांद्यावर टाकून अर्धवट दिला तर मग तक्रार कशाची करायची की सगळे सिनेमे एकसारखे, आरडाओरडा करणारे का झालेत?

गंमत म्हणजे मला स्टारपेक्षा अंगठा जास्त प्रामाणिक वाटायला लागलाय. नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये पाच स्टार काढून वर-खाली अंगठा आणला तेव्हा मी भरपूर शिव्या घातल्या होत्या, मोठी सिनेमावाली ना मी. २०२२ मध्ये दोन अंगठे वर असं एक वाढवलं. पण विचार करा, अंगठा काय म्हणतो? मला असलं अजून दाखवा किंवा नका दाखवू. एवढंच. सिनेमा किती थोर हे तो सांगायलाच जात नाही. सायकलवर बघणाऱ्याला नेमकं तेच सांगायचं असतं, ह्याच्यावर वेळ बरा गेला, असलंच काहीतरी उद्या लाव. स्टार मात्र न्यायाधीशाचा डगला घालून येतो. अर्ध्या अर्ध्या स्टारचा फरक करायचा, साडेतीन की चार ह्यावर विचार केल्यासारखं करायचं, आणि त्यातली चाळीस टक्के गोष्ट आपण १५५ ठोक्यांना बघितलेली.

परिस्थिती ठरलेली असेल तर साध्या प्रश्नालाही वजन येतं. अमेरिकेत सिनेमास्कोअर म्हणून एक संस्था आहे, सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून चाललेली, ती पहिल्या दिवशी थिएटरमधून बाहेर पडणाऱ्यांना कार्ड देऊन ग्रेड भरून घेते. हे लोक मुद्दाम पहिल्याच दिवशी आलेले, म्हणजे आधीच खूश व्हायला आलेले, तेव्हा ग्रेड फुगलेली असणार. पण कशी आणि का फुगलेली हे आपल्याला माहीत आहे, सगळ्यांनी एकाच बैठकीत, अंधारात, पूर्ण बघितलंय हे माहीत आहे, त्यामुळे ती वाचता येते. रॉटन टोमॅटोज ह्या सिनेमांची रेटिंग गोळा करणाऱ्या वेबसाइटनेही २०१९ पासून प्रेक्षकांपैकी तिकीट खरंच काढलेल्यांची खूण वेगळी केली. छान आहे, पण ते तिकिटाचं झालं. घरच्या बघण्याला तर काहीच खूण नाही. बाई सायकलवर होत्या, सिनेमा तीन दिवसांत तीन तुकड्यांत संपवला, शेवटचा तुकडा दीडपट वेगाने, असं कुठे लिहून येतं? लिहायची सोय करायला काय जातं? एक छोटी टिक, 'दुसरं काही करताना बघितलं', एवढी जरी ठेवली तरी सरासरी दोन काढता येतील, एक बसलेल्यांची आणि एक हलणाऱ्यांची. मला स्वतःला ती दुसरी सरासरी रोज लागेल हो! सायकलवर काय लावू हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर आज कुठेच मिळत नाही. 'पन्नास मिनिटं कळली नाहीत' ह्यासाठी पाचपैकी पाच असा सिनेमा मला हवाच आहे, तो थोर नसला तरी चालेल, थोर असला तर उलट अडचणच आहे.

सोफ्यावर बसून तरी कोण लक्ष देतं, सगळे फोन घेऊनच बसतात, असं माझी मुलगी म्हणाली. खरंय तिचं. पण सोफ्यावर फोन बाजूला ठेवता येतो, आणि नाही ठेवला तर निदान मनाला माहीत असतं की आपण बघत नव्हतो. सायकलवर शरीर बाजूला ठेवता येत नाही. आणि समीक्षक पण लॅपटॉपवरच बघतात हल्ली, हा दुसरा आक्षेप, त्याला माझं उत्तर असं की ते पॅडल मारत बघत असतील तर त्यांनीही सांगावं.

रेटिंग ही माझी खासगी डायरी आहे, मी काहीही देईन, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे, अगदी पूर्ण. फक्त मग ती खासगीच ठेवा. मी तेच करते आता. यादीत तारखेच्या पुढे सायकलवर बघितलं असेल तर नुसतं 'सा' लिहिते, स्टार नाही. शंका आली तर दुसऱ्या दिवशी दात घासताना स्वतःला विचारते की कालच्या सिनेमातलं काय आठवतंय, आणि ज्यांचं काहीच आठवत नाही अशांची संख्या बघून स्वतःचीच लाज वाटते. बरेचसे 'सा' मी आता आधी बघितलेल्या सिनेमांना देते, कारण माहितीतला सिनेमा सायकलवर परत बघणं हे मला सगळ्यात सुखाचं निघालं, गोष्टीची काळजी नसते त्यामुळे एखाद्या कोपऱ्यातल्या नटाकडे लक्ष जातं, मागच्या भिंतीचा रंग दिसतो. तिथे मात्र सायकल सिनेमाला मदतच करते असं माझं मत झालंय, मावसभाऊ काहीही म्हणो.

आणि एक गोष्ट आहे जी सायकलवरच मोजता येते, खुर्चीत नाही. पाय थांबणं. ह्या सगळ्या काळात पाचसहा वेळा असं झालंय की सिनेमा चालू होता आणि माझ्या लक्षात आलं की मी पॅडल मारत नाहीये. किती वेळ नाही मारलं तेही माहीत नाही, घाम वाळून अंग गार पडलेलं आणि घड्याळ बिचारं विचारतंय की व्यायाम संपला का. ह्या सिनेमांना मी तिथेच थांबवलं, आंघोळ केली आणि रात्री नीट बसून पहिल्यापासून बघितलं. त्यातला एक दुसऱ्यांदा चक्क साधारण वाटला. असो.

तो न आठवणारा चार स्टारवाला सिनेमा मी गेल्या आठवड्यात परत बघितला, खुर्चीत, दिवे घालवून, मावसभावाच्या घटनेनुसार. मध्यावर एक प्रसंग आहे, बाप गेल्यानंतर दोघं भावंडं टेबलाशी बसलेली, कुणीच बोलत नाही, मग धाकटी उठून बापाचा चष्मा पुसते आणि परत जागेवर ठेवते. चारेक मिनिटांचा असेल. मी त्या वेळी रेझिस्टन्स वाढवून मान खाली घालून मारत असणार, कारण मला चष्माच काय, बाप गेल्याचंही आठवत नव्हतं. सगळा सिनेमा त्या चष्म्यात आहे. संपल्यावर अर्धा तास काही केलं नाही, मग यादी उघडली, जुने चार स्टार पुसले, विचार केला, आणि चारच दिले. आकडा तोच निघाला, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ.

मावसभावाला यादी दाखवली तर म्हणाला, "ताई, ह्यात बदललं काय?"

"तारीख," म्हटलं.